टेंटर लेनच्या पुलाची बुरशी

माणूस कसा आहे ते त्याच्या चहाच्या मगावरून कळतं. ऑल्डरशॉ मॉडेल रेल्वे मंडळाचे तेरा मग मी सहा वर्षं विसळले, आणि त्या तेरा जणांपैकी एकाच्याही घरी मी कधी जेवायला जाणार नाही. सिरिल गॉक्रॉजरच्या मगात तळाला बोटभर राड असायची, राडीत बिस्किटाचा लगदा, आणि लगद्यात रंगाचा ब्रश उभा. हा माणूस ज्या मगात ब्रश धुवायचा त्याच मगातनं चहा प्यायचा. एकदा त्याची मिशी हिरवी झाली होती. आठवडाभर तशीच होती. शी!

आता एवढ्यातेवढ्याने शी म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. गावच्या मैलापाणी केंद्रावर एकतीस वर्षं काढलीत मी. पण तिथल्या घाणीला शिस्त होती. या टाकीतनं त्या टाकीत, त्या टाकीतनं पुढच्या टाकीत, वेळच्या वेळी, नाकासमोर जायची. नाकाचंच म्हणाल तर माझं नाक नोकरीच्या नवव्या वर्षी कामातनं गेलं. गुलाब की गटार, मला काहीच कळत नाही. माझी बायको नोरीन म्हणते, "डेस्मंड, तुला नाक दिलंय ते फक्त चष्मा टेकवायला."

तर असा मी, डेस्मंड अटली, दर मंगळवारी संध्याकाळी मेथडिस्ट चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये जाऊन मग का विसळायचो? कारण मला गाडी चालवायची होती.

हॉलच्या मधोमध आमचा लेआउट, म्हणजे खेळण्याएवढ्या गाडीचं सगळं गाव. चोवीस फूट लांब. त्यावर क्रिंबल शाखेची जुनी लाइन, जशी ती ११ जून १९५७ रोजी, मंगळवारी, दुपारी चार वाजता होती, अगदी तशी. पाच वाजता कशी होती याच्याशी मंडळाला घेणंदेणं नाही. त्या लाइनवरनं इवलं काळं इंजिन दोन डबे ओढत निघालं, की हातातला मग तसाच धरून मी बघत उभा राहायचो. लहानपणी खरी गाडी आमच्या परसामागनं जायची आणि आईच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या करायची. मला फक्त एकदा गाडी पळवायचा तो कंट्रोलर हातात घ्यायचा होता. गाडी सोडायची, वळणावर हळू करायची, स्टेशनात आणून थांबवायची. बस, एवढंच.

पण मंडळाचा नियम होता. ज्याच्या हातची एकही वस्तू लेआउटवर उभी नाही, त्याने कंट्रोलरला हात लावायचा नाही. आणि वस्तू उभी राहणार की नाही ते ठरवणार थॅक्रा सर.

लायनेल थॅक्रा सरांनी अर्ध्या ऑल्डरशॉला भूगोल शिकवलाय. मलाही. आता ते एक्क्याऐंशीचे आणि मी त्रेसष्टचा, तरी मी त्यांना "सर" म्हणतो आणि ते मला "अटली" म्हणतात, आणि त्यांनी अटली म्हटलं की माझे हात आपोआप मागे जातात. सरांकडे १९५७ सालची एक वही आहे. तेव्हा ते कॉलेजात होते आणि पोरींच्या मागे फिरायचं सोडून लाइनच्या कडेला बसून टिपणं काढायचे. त्या वहीत नाही ते जगात नाही.

पहिल्या वर्षी मी कोंबड्यांचं खुराडं केलं. सरांनी भिंग लावून पाहिलं. "अटली, या जातीच्या कोंबड्या इकडे एकसष्ट साली आल्या." नापास. मग मी परसातला संडास केला. त्याला पत्र्याचं छप्पर, दारावर खिळ्याला अडकवलेले वर्तमानपत्राचे तुकडे, सगळं. सर म्हणाले, "दार आत उघडतंय."

"आत उघडलं तर काय झालं, सर?"

"आत बसलेल्या माणसाचे गुडघे कुठे जातील? निदान तुला तरी हे कळायला हवं होतं, अटली. आयुष्य गेलं तुझं त्या धंद्यात."

सगळे हसले. सिरिल तर एवढा हसला की त्याच्या तोंडातलं अंड्याचं सँडविच माझ्या संडासाच्या छपरावर उडालं. ते कुणी पुसलंही नाही. दोन मंगळवार तसंच वाळत पडलं होतं. मीच पुसलं शेवटी.

*

लेआउटवर वळणाच्या आधी टेंटर लेनचा पूल लागतो. वरनं रस्ता, खालनं रूळ, मध्ये विटांची कमान. जुना पूल पुठ्ठ्याचा होता. ऑगस्टमध्ये सिरिलने पोर्क भरलेली पेस्ट्री खाता खाता त्याच्यावर कोपर टेकवलं आणि पूल बसला. प्रदर्शनाला दहा आठवडे राहिलेले. नवा पूल कोण करणार? दुकानातला तयार पूल आणणं म्हणजे आमच्यात बाटणं. आणि विटा कोरायला कुणी तयार होईना.

"अटलीला द्या," सर म्हणाले. "त्याला वेळच वेळ आहे."

सहा वर्षांत पहिल्यांदा मी मग न विसळता घरी गेलो.

विटेचा हिशेब सांगतो. आमच्याकडे चार मिलिमीटर म्हणजे एक फूट. म्हणजे वीट तीन मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर उंच. एका थरात विटांच्या लांब बाजू, वरच्या थरात आखूड बाजू, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. मी प्लास्टरच्या पातळ लाद्या ओतल्या, वाळवल्या, आणि एकेक वीट टोकदार आकड्याने कोरायला घेतली. आकडा नोरीनच्या भावाने दिलेला. तो दातांचा डॉक्टर. आकडा नवा असेल असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या मुठीच्या खाचेत काय अडकलंय ते भिंगातनं पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं, असं झालं. कुणाची दाढ होती कोण जाणे. पण तोवर सहा हजार विटा झाल्या होत्या, हात बसला होता. पुसला आणि पुढे कोरत राहिलो.

एकूण विटा अकरा हजार चारशे सोळा. शेवटची कोरली तेव्हा मी ब्रेडच्या स्लाइसकडे बघितलं तरी मला तिच्यावर थर दिसायचे.

रंगासाठी मी खऱ्या पुलाकडे गेलो. लाइन कधीच उखडली, आता तिथे पायवाट आहे, पण टेंटर लेनचा पूल उभा आहे. त्याच्या पडलेल्या विटेचा तुकडा घरी आणला आणि नोरीनच्या कॉफीच्या यंत्रात दळला. विटांमधला चुना म्हणून पीठ आणि टाल्कम पावडर कालवून फटींत चोळली. पूल असा दिसायला लागला की मी स्वतः त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसायचो.

मग सर बघायला आले. आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून त्यांनी खिशातनं भिंग, खऱ्या पुलाचा सत्तावन सालचा फोटो आणि वही बाहेर काढली. अर्धा तास एकेक थर बघितला. मग पेन्सिलीने पुलाच्या कुशीत टकटक केली.

"पोकळ वाजतो," सर म्हणाले.

"पोकळच आहे ना, सर. पुठ्ठा आहे आत."

"विटांचा पूल पोकळ वाजत नाही, अटली."

"पण वाजवून कोण बघणार आहे?"

"मी बघितलं की." भिंग खिशात गेलं. "खऱ्या पुलाच्या पोटात काय असतं?"

"माती. भराव."

"मग? तुझ्या पुलाच्या पोटात काय असायला हवं?" त्यांनी दारात वळून आणखी एक सांगितलं. "आणि तुझा पूल नवा दिसतोय. फोटोत डाव्या बाजूला शेवाळ आहे. कमानीखाली कबुतरांची शिट आहे. रंगवून आणलीस तर मी ओळखीन. सत्तावन साल आहे हे, अटली. तेव्हा खोटं काही मिळायचं नाही."

फोटो माझ्याकडे ठेवून ते गेल्यावर नोरीन म्हणाली, "हा माणूस घरी बायकोलापण पेन्सिलीने वाजवून बघत असेल."

"त्यांना बायको नाही."

"नसणारच."

*

दुसऱ्या दिवशी नोरीन बहिणीकडे व्हिटबीला गेली, बारा दिवसांसाठी. मी बादली आणि खुरपं घेऊन टेंटर लेनला गेलो.

पुलाच्या कमानीत कबुतरं राहतात. सत्तावन सालापासूनच राहत असावीत, कारण खालचा थर घोट्याएवढा होता. वरनं पांढरा, मध्ये करडा, तळाला काळा आणि मऊ. मी म्हटलं, भराव हवा ना? पुलाखालचाच घ्या. याहून खरं काय असणार? खुरप्याने बादली भरली. त्यात पिसं होती. पिसांबरोबर आणखी काय काय होतं ते मी निरखून बघितलं नाही. चष्म्याची काच धुरकट झाली होती.

कुत्रं घेऊन चाललेली एक बाई थांबली. कुत्र्याने शेपूट पायात घातली.

"काय करताय हो?"

"पूल बांधतोय," मी म्हटलं.

बाई बघत राहिली, मग कुत्र्याला उचलून कडेवर घेऊन गेली. चांगलं लॅब्रॅडॉर होतं, तीस किलोचं.

घरी आल्यावर भराव पुलाच्या पोटात ठासला आणि तळाला पुठ्ठा चिकटवून टाकला. वरची पांढरी पापडी नोरीनच्या चहाच्या गाळणीतनं चाळून कमानीच्या काठाला लावली. पेन्सिलीने टकटक केली. ठप्प! अहाहा. आवाज असा की वरनं दुधाची व्हॅन गेली तरी पूल हलायचा नाही.

राहिलं शेवाळ. आमच्याकडे बागेत नवा दगड बसवला की त्याला दही चोपडतात, म्हणजे वर्षभरात हिरवा होतो. माझ्याकडे वर्ष नव्हतं. मी पुलाच्या डाव्या अंगाला दह्याचा जाड हात दिला आणि ऊब मिळावी म्हणून पूल गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवला. नोरीन त्याच कपाटात टॉवेल ठेवते. टॉवेल मी जरा सरकवले.

दहा दिवस उघडून बघितलं नाही. अकराव्या दिवशी बघितलं तर शेवाळ नव्हतं. बुरशी होती. राखाडी, केसाळ, मध्ये मध्ये मोरपिशी झाक आणि टोकाला बारीक काळे ठिपके. एखादं लहानसं जनावर पुलावर झोपलंय असं वाटत होतं. मला ओकारी यायला हवी होती. पण मी फोटो शेजारी धरला आणि काय सांगू, डाग तंतोतंत तोच! आकार तोच, जागा तीच.

बाराव्या दिवशी नोरीन आली. बॅग खाली ठेवली नाही, कोट काढला नाही. दारातच थांबली.

"डेस्मंड, घरात कोण मेलंय?"

"कुणी नाही. का?"

तिने नाकाला मफलर लावला आणि वास काढत काढत जिना चढली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती खाली आली. तिच्या चेहऱ्याचा झालेला तो रंग मी फक्त कामावर बघितलाय, तोही टाकीत.

"ते माझ्या टॉवेलांना लागलंय," ती म्हणाली.

"काय?"

"मला माहीत नाही काय! केस आहेत त्याला!" तिने बॅग पुन्हा उचलली. "आज या घरातनं एक जण बाहेर जाणार. तो किंवा मी. आणि माझी बॅग भरलेलीच आहे."

"अगं, पण सरांनी अजून पास नाही केला..."

"मग सरांच्या उशीखाली नेऊन ठेव!"

टॉवेल तिने अंगणात जाळले. गाळणीबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. मी त्यानंतर चहा बिनगाळलेलाच प्यायला लागलो, एवढंच.

*

मंगळवारच होता, त्याच संध्याकाळी पूल हॉलमध्ये नेला. खोक्यातनं काढून वळणाच्या आधीच्या जागी बसवला. सगळे गोळा झाले आणि सगळे एकदम एक पाऊल मागे सरले. मला वाटलं, दबदबा.

फक्त सर पुढे आले. भिंग. फोटो. वही. टकटक. ठप्प.

"हं," सर म्हणाले.

मग ते वाकले आणि त्यांनी कमानीला नाक लावलं. असं खोल, डोळे मिटून. मी बघत होतो. वर आले तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सत्तावन सालचा वास," ते म्हणाले. "तुम्हाला नाही कळणार. या पुलाखाली बसून मी टिपणं काढायचो. असाच वास यायचा. अगदी असाच." त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. "शाबास, अटली."

माझे हात मागे गेले. सरांच्या तोंडून शाबास मी चौथीत ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"प्रदर्शनाच्या दिवशी साडेअकराची गाडी अटली चालवेल," सर म्हणाले आणि वहीत लिहिलं.

सिरिलचा चेहरा पडला, कारण साडेअकराची गाडी नेहमी तो चालवायचा. पण सरांपुढे कोण बोलणार? आणि सर त्या वासावर खूश, म्हणजे हॉलमध्ये जी घाण सुटली होती तिचं कारण पूल असूच शकत नाही, हे ओघानेच आलं. मग कारण काय? गटार.

"डेस्मंड, तू तज्ज्ञ आहेस," सिरिल नाक धरून म्हणाला. "बघ ना जरा बाहेर. चॅपलचं गटार तुंबलंय."

मी गेलो. पावसात गुडघ्यावर बसून झाकण उचललं, टॉर्च मारला. काय सुंदर गटार होतं! पाणी खळखळ वाहतंय, भिंती स्वच्छ. परत येऊन सांगितलं, "गटार निर्दोष आहे."

"कसं शक्य आहे? इथे उभं राहवत नाही!"

"मी एकतीस वर्षं हेच केलं. गटारात काही खोट नाही."

"मग वास कुठनं येतोय?"

"मला काय विचारता? मला येतच नाही," मी म्हटलं. आणि खरंच सांगतो, मला शंकाही आली नाही. माणूस स्वतःच्या पुलाबद्दल असलं काही मनात आणत नाही.

त्यांनी पाळकाला पत्र लिहिलं. पाळकाने माणूस पाठवला. त्या माणसाने गटारात काठी घातली, दोन आठवड्यांनी पुन्हा येऊन पुन्हा काठी घातली. हॉल थंडगार होता, ऑक्टोबरचा शेवट, त्यामुळे जे काही पुलाच्या पोटात चाललं होतं ते हळूहळू चाललं होतं.

*

प्रदर्शनाच्या शनिवारी हॉलमध्ये तीन हीटर लावले आणि लेआउटवर दिव्यांची रांग. दिवे नेमके वळणावर, म्हणजे पुलावर. दहा वाजता दार उघडलं. शंभरेक माणूस तरी आलं असेल. ओले कोट, ओली कुत्री. नोरीन दाराशी केक विकायला बसली होती, माझ्याशी बोलत नव्हती पण आली होती.

साडेअकरा वाजता सिरिलने कंट्रोलर माझ्या हातात दिला.

सहा वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती. आणि पहिलं काय जाणवलं? चिकट. कंट्रोलरची मूठ चिकट होती. लोणी, गोंद, अंडं, घाम, रंग, तीस वर्षं तेरा माणसांच्या बोटांचा थर. बोटं मुठीला चिकटली आणि सुटताना चक् असा आवाज आला. माझ्या अंगावर शहारा आला. पण मी सोडली नाही मूठ.

हळूच फिरवली. इंजिन हललं. दोन डबे त्याच्यामागे. स्टेशन सुटलं, मालधक्का गेला, माळ्याची झोपडी गेली. लोक वाकून बघत होते. एक म्हातारी म्हणाली, "अगदी खरी वाटते गं!" इंजिन पुलाखाली शिरलं, पुलाला बारीकसा हादरा बसला, आणि इंजिन पलीकडनं बाहेर आलं.

त्याच्यामागनं माशी बाहेर आली. निळी, जाड, झोपेतनं उठल्यासारखी. कमानीच्या काठावर बसून तिने पाय चोळले. मग दुसरी आली. मग पाचसहा.

"वा!" एक पाहुणा म्हणाला. "माश्यासुद्धा केल्यात! काय बारकावा!"

सरांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "अटली, या माश्या स्केलमध्ये नाहीत."

"सर?"

"सात मिलिमीटर आहे ही. या हिशेबाने पावणेदोन फूट लांब माशी! क्रिंबल शाखेवर असली माशी कधीही नव्हती!"

तेवढ्यात पुलाच्या तळाचा पुठ्ठा सुटला असावा. दिव्यांची ऊब आणि आतली ओल. कमानीच्या पायथ्याशी काहीतरी पांढरं वळवळत रुळावर आलं. एक, मग मूठभर. गाडी गोल फेरी मारून पुन्हा पुलाकडे येत होती. थांबवायला हवी होती, पण सहा वर्षांनी हातात आलेली गाडी कोण थांबवतं हो? इंजिन त्यांच्यावरनं गेलं. चाकं घसरायला लागली. ज्या इंजिनाची चाकं बर्फावरही घसरली नसती ती जागच्या जागी गरगर फिरत होती आणि जे रुळावर होतं ते बारीक तुषारांसारखं पहिल्या रांगेतल्या लोकांच्या कोटांवर उडत होतं.

मघाचीच म्हातारी पुन्हा म्हणाली, "अगदी खरी..." आणि तिने पर्समध्ये ओकलं.

आणि मग पुलाचं डावं अंग, बुरशीसकट, अकरा हजारांतल्या निदान चार हजार विटांसकट, हळूच खाली बसलं आणि पोटातला सगळा भराव उघडा पडला. वास म्हणजे काय असतो हे मला लोकांच्या तोंडांवरनं कळलं. शंभर माणसं एकदम आत श्वास ओढतात, आणि तो सोडायची कुणाची हिंमत होत नाही. मग दाराकडे धाव. कुत्री आधी. खुर्च्या आडव्या, छत्र्या आडव्या. सिरिल, ज्याच्या मगात मी काय काय पाहिलंय, तो सिरिल खिडकीतनं डोकं बाहेर काढून ओकत होता. मला मनापासून किळस आली. त्याची.

दोन मिनिटांत हॉल रिकामा. मी एकटा, लेआउट, आणि माश्या.

*

मंडळाची तातडीची सभा बाहेर गाड्या लावतात तिथे भरली. खिडकीतनं मला दिसत होतं, सगळ्यांनी हात वर केले. मग सर आत आले. नाकावर रुमाल, हातात वही. दारापासून चार पावलांवर थांबले.

"अटली. ठराव झालाय. पूल काढायचा. एकमताने."

"तुम्हीसुद्धा, सर? तुम्हाला तर तो वास..."

"माश्या," सर म्हणाले. "मला माश्या चालणार नाहीत." त्यांनी वही उघडली. "आता तुझी वस्तू लेआउटवर नाही. म्हणजे नियमाप्रमाणे कंट्रोलरला हात नाही. ठेव तो खाली."

मी इंजिनाकडे बघितलं. ते मी मघाशीच रुळावरनं उचलून पुसून घेतलं होतं, स्वतःच्या रुमालाने, आणि आता ते पडक्या पुलापलीकडे दोन डबे घेऊन उभं होतं. स्टेशन बारा फुटांवर.

"सर, गाडी अर्ध्या वाटेवर आहे. चालत्या गाडीचा ड्रायव्हर बदलायचा नाही. तुमचाच नियम आहे."

सरांनी विचार केला. रुमाल थोडा घट्ट दाबला. "ठीक. स्टेशनात आण. मग सोड."

मी मूठ फिरवली, अगदी केसभर. इंजिन रांगायला लागलं. रुळांखालचा एक स्लीपर. दुसरा स्लीपर. मी श्वास घ्यायचो तेव्हा ते हलायचं, सोडायचो तेव्हा थांबायचं. मूठ तशीच चिकट होती, शिसारी येत होती आणि मी ती आणखी घट्ट धरली. वळण आलं, वळणावर हळू केली. काय सांगू तुम्हाला.

दारातनं नोरीनने डोकं आत घातलं. तोंडावर केकचा कागद धरलेला. "डेस्मंड, चल घरी! तुझे कपडेपण जाळायचेत!"

"आलोच. गाडी आणतो आधी."

"मरो ती गाडी!"

"अटली," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, या वेळी दुसऱ्या कारणाने. "गाडी का थांबली?"

"सिग्नल लाल आहे, सर."

"कुणी केला लाल?"

"मी."

"अटली!"

"अकरा जून सत्तावन. त्या दिवशी चारची गाडी स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला थांबवली होती. रुळावर मेंढ्या होत्या. तुमच्या वहीत आहे, सर. तुम्हीच वाचून दाखवलंयत आम्हाला. चाळीस मिनिटं."

एक माशी सरांच्या टकलावर बसली, त्यांनी उडवली नाही. दाराकडे बघितलं, जिथे नोरीन आणि तिच्यामागे सगळं मंडळ उभं होतं. हातातल्या वहीकडे बघितलं. रुमालाआडनं काहीतरी बोलले.

"काय म्हणालात, सर?"

त्यांनी रुमाल खाली घेतला, कारण चुकीचं ऐकू गेलेलं त्यांना चालत नाही.

"बावन्न," सर म्हणाले. "बावन्न मिनिटं."